सातची अट आणि टायब्रेकरचा हिशेब: नव्या पंचांसाठी आणि संयोजकांसाठी

फुटबॉल अकरा जणांचा खेळ आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तो कमीत कमी किती जणांत खेळता येतो, हे मात्र बहुतेकांना वेळ आल्यावरच विचारावं लागतं, आणि तेव्हा मैदानावर दोन कर्णधार, चार कार्यकर्ते आणि अख्खी गॅलरी एकाच वेळी उत्तर देत असते. नियमाचं उत्तर सरळ आहे: सात. एका संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही आणि सुरू असलेला पुढे चालत नाही.

गोंधळ होतो तो पुढे. नव्वद मिनिटं बरोबरीत संपून टायब्रेकर (म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीनं पेनल्टी मारून लावायचा निकाल) लागला की सातचा हा आकडा बाजूला पडतो. तिथं पंचाला एवढंच पाहायचं असतं की दोन्हीकडे संख्या सारखी आहे का. सामन्याचा हिशेब वेगळा, टायब्रेकरचा वेगळा. हे दोन एकमेकांत मिसळले की वाद झालाच म्हणून समजा. खाली सामन्याच्या दिवशी ज्या क्रमानं कामं येतात त्याच क्रमानं लिहिलं आहे.

आधी कागद

स्पर्धा तुमच्या मंडळाची असो की जिल्हा संघटनेची, पहिला चेंडू लाथाडण्याआधी तीन गोष्टी लिहून कर्णधारांच्या सह्या घ्या. एक, संघाच्या यादीत किती नावं आणि त्यातले किती बदली खेळाडू वापरता येतील. दोन, सामना अर्धवट थांबला तर निकाल काय धरायचा. तीन, बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवायचा की थेट टायब्रेकर.

दुसरी गोष्ट सगळे विसरतात. खेळाचे नियम आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन बोर्ड ठरवतं, आणि त्यांत म्हटलंय ते एवढंच: अर्धवट थांबलेला सामना पुन्हा खेळवावा, स्पर्धेच्या नियमांनी किंवा संयोजकांनी वेगळं ठरवलं नसेल तर. म्हणजे कमी खेळाडूंमुळे सामना थांबला की समोरचा संघ आपोआप जिंकत नाही. तुमच्या पत्रकात त्याबद्दल एक ओळ नसेल, तर दंगा करून सामना बंद पाडणाऱ्या संघाला पुन्हा खेळायची संधी मागता येते. ती ओळ आधीच लिहा.

यादीही नीट घ्या. सर्व नावं सामन्यापूर्वी द्यावीत असा स्पर्धेचा नियम असेल आणि संघानं अकरापेक्षा कमी जणांनिशी सुरुवात केली, तर उशिरा येणाऱ्यांपैकी यादीत नाव असलेलेच आत येऊ शकतात. रिक्षात अडकलेल्या स्ट्रायकरचं नाव यादीत टाकायला कर्णधार विसरला असेल तर तो प्रेक्षकात बसेल. कठोर वाटतं, पण इथं एकदा ढील दिली की अर्ध्या वेळात शेजारच्या तालमीतला कुणीही जर्सी घालून उभा राहतो.

सुरुवातीची मोजणी

दोन्ही बाजूंना किमान सात, आणि त्यातला एक गोलरक्षक. हा गोलरक्षक पेशानं गोलरक्षक असलाच पाहिजे असं नाही. जानेवारी 2022 मध्ये आफ्रिका चषकात कोमोरोसकडे कॅमेरूनविरुद्ध एकही गोलरक्षक उपलब्ध नव्हता, तेव्हा बचावपटू शाकेर अलहदूर ग्लोव्ह्ज घालून उभा राहिला. कर्णधार सातव्या मिनिटालाच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी कोमोरोस 1–2 असं हरलं, मोठा पराभव झाला नाही. तेव्हा ‘आमचा कीपर आला नाही, सामना पुढं ढकला’ ही सबब ऐकून घ्यायची गरज नाही.

किक-ऑफच्या आधीच कुणी भांडून लाल कार्ड मिळवलं तर संघ दहाचा होत नाही. यादी दिल्यानंतर आणि सामना सुरू व्हायच्या आत बाहेर काढलेल्या खेळाडूच्या जागी यादीतला बदली खेळाडू येऊ शकतो. फक्त त्या बदली खेळाडूची जागा मग भरता येत नाही. शिटी वाजल्यानंतरच्या लाल कार्डाची भरपाई मात्र नाही.

खेळ सुरू असताना संख्या घसरली तर

इथं सगळ्यात जास्त डोकं शांत ठेवावं लागतं. संख्या तीन वाटांनी कमी होते: लाल कार्ड, दुखापत (बदली संपलेले असताना) आणि रागानं बाहेर जाणं. पाचवं लाल कार्ड दाखवलं की अकराचे सहा होतात आणि सामना तिथंच संपतो. प्रत्यक्षात पाच लाल कार्डं क्वचित लागतात. तीन कार्डं आणि दोन दुखापती एवढं पुरतं.

इंग्लंडमधलं उदाहरण या विषयात सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. 16 मार्च 2002, शेफील्ड युनायटेड विरुद्ध वेस्ट ब्रॉमविच अल्बियन. युनायटेडचा गोलरक्षक सायमन ट्रेसी लाल कार्डानं गेला. पुढे बदली म्हणून आलेले जॉर्ज सांतोस आणि पॅट्रिक सुफो हे दोघंही गेले. तिन्ही बदली वापरून झालेले. मग मायकेल ब्राउन आणि रॉबर्ट उलाथॉर्न दुखापतीचं कारण देऊन बाहेर आले आणि युनायटेडचे सहा उरले. पंच एडी वोल्स्टेनहोम यांनी 82व्या मिनिटाला सामना थांबवला. त्या वेळी अल्बियन 3–0 नं पुढे होतं. दुखापती खऱ्या की सोयीच्या यावर पुष्कळ बोललं गेलं, पण पंचाला मैदानावर वैद्यकीय तपासणी करता येत नाही. सहा म्हणजे सहा. इंग्लिश लीगनं नंतर 3–0 हाच निकाल कायम ठेवला, म्हणजे मी वर म्हटलं ती ओळ इथं कामाला आली: निकालाचा निर्णय पंचाचा नसतो, स्पर्धा चालवणाऱ्यांचा असतो.

दुसरं उदाहरण जास्त केविलवाणं आहे. 27 नोव्हेंबर 2021 रोजी पोर्तुगालमध्ये बेलेनेन्सेस संघात कोविड पसरला होता, आणि ते बेनफिकाविरुद्ध नऊ जणांनिशी उतरले. त्यातही दोघं गोलरक्षक, एक मैदानी खेळाडू म्हणून धावत होता. मध्यंतराला बेनफिका 7–0 नं पुढे. मध्यंतरानंतर सातच जण परत आले, आणि दोनेक मिनिटांत त्यातला एक मैदानात बसला. सामना संपला. नियम अक्षरशः पाळला गेला, पण असा सामना सुरूच का होऊ दिला हा प्रश्न संयोजकांना विचारण्यासारखा आहे. नऊ हा आकडा सातच्या वर आहे म्हणून पंच नाही म्हणू शकत नाही. तारीख बदलायचा अधिकार संयोजकांकडे असतो, आणि तो त्यांनी आदल्या रात्री वापरायचा असतो.

आता बारकावा. कुणी जाणूनबुजून बाहेर गेल्यामुळे संघ सातच्या खाली आला तर पंचानं लगेच शिटी वाजवलीच पाहिजे असं नाही. समोरचा संघ गोल करायच्या बेतात असेल तर खेळ चालू ठेवता येतो. पण चेंडू खेळाबाहेर गेला, की सात झाल्याशिवाय पुन्हा सुरुवात नाही. सातजणांच्या संघातला एक उपचारासाठी बाहेर असेल तर माझा सल्ला असा: तो परत येतो आहे किंवा येणार नाही हे स्पष्ट होईपर्यंत खेळ सुरू करू नका, घड्याळात वेळ मिळवत राहा, आणि दोन्ही कर्णधारांना तसं तोंडी सांगा. न सांगता वाट पाहिली की लोकांना ती मेहेरबानी वाटते.

अख्खा संघच बाहेर गेला तर? 3 मार्च 2023 ला बेंगळुरूत इंडियन सुपर लीगचा बाद फेरीतला सामना आठवा. जादा वेळेत सुनील छेत्रीनं भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला, केरळा ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकानं संघ मैदानाबाहेर बोलावला आणि ते परतलेच नाहीत. सामना बेंगळुरूला दिला गेला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं केरळला चार कोटींचा दंड केला. तुमच्या स्पर्धेत कोटी नसतील, पण अनामत रक्कम असते. ती जप्त होईल हे पत्रकात लिहा.

शेवटची शिटी आणि नावं

सामना (किंवा जादा वेळ) बरोबरीत संपला. आता लगेच पाणी प्यायला पळू नका. त्या क्षणी मैदानावर कोण आहे ते लिहून घ्या. टायब्रेकरला पात्र तेच, अधिक जे दुखापत, बूट, जर्सी अशा कारणानं तात्पुरते बाहेर आहेत ते. बाकावरचा कितीही मोठा पेनल्टीवाला असो, शिटीनंतर तो आत येऊ शकत नाही.

म्हणूनच प्रशिक्षक शेवटच्या मिनिटाला बदल करतात. 2014 च्या विश्वचषकात नेदरलँड्सनं कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी गोलरक्षक बदलून टिम क्रुलला आणलं, त्यानं दोन पेनल्टी अडवल्या आणि डच संघ 4–3 नं पुढे गेला. हीच चाल फेब्रुवारी 2022 मध्ये इंग्लिश लीग चषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीच्या अंगाशी आली. मेंडीच्या जागी केपा आला, लिव्हरपूलच्या अकराही किक गोलात गेल्या, आणि शेवटी चेल्सीची अकरावी किक मारायला खुद्द केपाच उरला. चेंडू गोलवरून गेला, 11–10.

संख्या सारखी करणं

इथं नवा पंच हमखास अडतो. समजा एका संघाचे अकरा आहेत आणि दुसऱ्याचे नऊ. अकराच्या संघानं दोन जण वगळून नऊ व्हायचं, आणि कोणाला वगळलं त्यांची नावं व क्रमांक पंचाला सांगायचे. कोणाला वगळायचं हे तो संघ ठरवतो. वगळलेला खेळाडू किक मारू शकत नाही, मध्यवर्तुळात उभाही राहत नाही. त्याला मैदानाबाहेर जावं लागतं.

जास्त खेळाडू असलेल्या संघावर हा अन्याय वाटतो. उलटा विचार करून पाहा. सगळ्यांची एकेक किक होईपर्यंत कुणालाही दुसरी मिळत नाही. नऊजणांचा संघ दहाव्या फेरीत पुन्हा आपल्या हुकमी खेळाडूवर येतो आणि अकराजणांचा संघ त्याच वेळी आपल्या दहाव्या, म्हणजे कच्च्या खेळाडूला पाठवतो. लाल कार्ड मिळवणाऱ्याचाच फायदा! संख्या सारखी करण्याचं कारण एवढंच आहे. 2006 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानला 110व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं, त्यामुळे टायब्रेकर दहा विरुद्ध दहा असा झाला आणि इटली 5–3 नं जिंकली.

हा नियम टायब्रेकर सुरू होण्याआधी जसा लागतो तसाच सुरू असतानाही लागतो. चौथ्या फेरीनंतर एकाला लाल कार्ड दाखवलं किंवा पायात गोळा येऊन एकजण खेळूच शकत नाही असं झालं, तर समोरच्यांनी लगेच एक कमी करायचा. आणि आता ती सातची गोष्ट: टायब्रेकरमध्ये एखादा संघ सातच्या खाली गेला तरी सामना थांबवायचा नाही. सहा विरुद्ध सहा, पाच विरुद्ध पाच, चालू द्या. कर्णधार नियमाचं पुस्तक नाचवत ‘सात पाहिजेत’ म्हणाला तर त्याला पुस्तकातलं दहावं कलम दाखवा. तिथं हे स्पष्ट लिहिलंय.

पिवळ्या कार्डांचंही वेगळं खातं आहे. सामन्यातलं पिवळं कार्ड टायब्रेकरमध्ये धरलं जात नाही. 18 एप्रिल 2024 ला लील आणि ॲस्टन व्हिला यांच्या लढतीत व्हिलाच्या गोलरक्षकाला, एमिलियानो मार्टिनेझला, सामन्यात एक आणि टायब्रेकरमध्ये एक असं पिवळं कार्ड मिळालं. प्रेक्षक लाल कार्डाची वाट पाहत राहिले, तो मात्र गोलपोस्टमध्येच उभा राहिला आणि व्हिला 4–3 नं जिंकलं. टायब्रेकरमध्येच दोन पिवळी मिळाली तर मात्र बाहेर.

नाणं दोनदा उडवा

पहिली नाणेफेक कोणत्या गोलवर किक मारायच्या यासाठी. मैदान खराब असेल किंवा एका बाजूला प्रेक्षकांचा धोका असेल तर पंच स्वतःच बाजू ठरवू शकतो. दुसरी नाणेफेक जिंकणारा पहिली किक घ्यायची की दुसरी हे निवडतो. किक मारणाऱ्यांचा क्रम पंचाला सांगायची गरज नसते आणि तुम्ही तो मागूही नका. संघ तो ऐन वेळी बदलू शकतो.

सगळे पात्र खेळाडू मध्यवर्तुळात. किक मारणाऱ्याच्या संघाचा गोलरक्षक मैदानातच, पेनल्टी क्षेत्राची रेषा गोलरेषेला मिळते त्या कोपऱ्यावर. प्रशिक्षक, फिजिओ, बदली खेळाडू, फोटो काढणारे नातेवाईक, सगळे बाहेर. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एखादा अटीतटीचा सामना पाहिला असेल तर शेवटचं वाक्य किती अवघड आहे हे सांगायला नको. तिथं कार्यकर्ते आधी उभे करा, मग शिटी.

वहीतली नोंद

दोन स्तंभ, प्रत्येक ओळीत जर्सी क्रमांक, गोल झाला तर वर्तुळ, हुकला तर फुली. प्रत्येक जोडीनंतर सहाय्यक पंचाच्या नोंदीशी ताडून पाहा. पाच-पाच किक पूर्ण व्हायच्या आतही निकाल लागू शकतो: उरलेल्या सगळ्या किक गोल झाल्या तरी एक संघ गाठू शकत नसेल तर तिथंच थांबायचं. 2022 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात फ्रान्सच्या चार किकमध्ये दोन गोल झाले, अर्जेंटिनाचे चारही झाले. 4–2, फ्रान्सची एकच किक उरली होती, म्हणून मोंटिएलच्या गोलवर सामना संपला.

पाचानंतर बरोबरी असेल तर सडन डेथ, म्हणजे दोन्हीकडची एकेक किक झाल्यावर फरक पडला की निकाल. 4 जुलै 2023 ला सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल) चषकाच्या अंतिम सामन्यात भारतानं सहावी किक गोलात घातली आणि गुरप्रीत सिंग संधूनं कुवेतच्या कर्णधाराची सहावी अडवली. 5–4. दुसऱ्या संघाची किक झाल्याशिवाय शिटी वाजवू नका, पहिल्यानं गोल केल्यावर नाचायला सुरुवात झाली तरी.

किक मारणाऱ्यानं चूक केली तर ती किक हुकली अशी नोंद आणि पिवळं कार्ड. गोलरक्षकानं किक मारण्याआधी दोन्ही पाय रेषेच्या पुढे आणले आणि चेंडू अडवला, तर किक पुन्हा. पहिल्यांदा समज, त्यानंतर पिवळं. पाय घसरून चेंडू दुसऱ्या पायाला चुकून लागला आणि गोल झाला, तर आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या जून 2025 च्या खुलाशानुसार किक पुन्हा घ्यायची. गोल झाला नसेल तर हुकली असंच लिहायचं. मार्च 2025 मध्ये ॲटलेटिको माद्रिदच्या हुलियान अल्वारेझचा गोल याच कारणानं रद्द झाला होता, त्यानंतर हा खुलासा आला.

गोलरक्षक जखमी झाला तर

मैदानी खेळाडू जखमी झाला तर त्याच्या जागी कुणी नाही. गोलरक्षकाला मात्र सवलत आहे. तो पुढे खेळू शकत नसेल तर बदली शिल्लक असल्यास यादीतला बदली खेळाडू, किंवा संख्या सारखी करताना वगळलेला खेळाडू त्याच्या जागी येऊ शकतो. जखमी गोलरक्षकाचा भाग संपला, तो किकही मारत नाही. त्यानं आपली किक आधीच मारली असेल तर नव्यानं पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. गोलरक्षकाला लाल कार्ड मिळालं तर ही सवलत नाही. पात्र खेळाडूंपैकीच एकानं ग्लोव्ह्ज घालायचे.

पात्र खेळाडू केव्हाही गोलरक्षकाशी जागा बदलू शकतो, पंचाला सांगून. आपल्याकडे सांगायचं तर गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीनं 2022 च्या सुपर लीग अंतिम सामन्यात, फातोर्ड्यातच, केरळच्या तीन किक अडवून हैदराबादला जिंकवलं. असा माणूस हाताशी असेल तर जागा बदलायचा विचारही कुणी करणार नाही.

सगळ्यांचं मारून झालं, तरी बरोबरी

8 फेब्रुवारी 2024, ढाका. सॅफच्या 19 वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना, भारत आणि बांगलादेश 1–1. टायब्रेकरमध्ये दोन्हीकडच्या अकराही जणींनी, गोलरक्षकांसकट, गोल केले. 11–11. आणि तिथं अधिकाऱ्यांनी नाणं उडवलं. भारत जिंकल्याचं जाहीर झालं, बांगलादेशनं हरकत घेतली, निर्णय मागे घेतला गेला, भारतीय संघ तोवर मैदान सोडून गेला होता, आणि बऱ्याच वेळानं दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आलं.

योग्य गोष्ट साधी होती: पहिल्या फेरीची पानं उलटून दुसरी सुरू करायची. क्रम बदलला तरी चालतो, अट एवढीच की पुन्हा सगळ्यांची एकेक किक झाल्याशिवाय कुणाची तिसरी नाही. किती वेळ चालेल? चालेल तितका. 2005 साली नामिबियाच्या चषकात 48 किक झाल्या होत्या. नाणेफेकीनं सामन्याचा निकाल लावायची पद्धत 1970 साली पेनल्टी आल्या तेव्हाच मागे पडली. 1968 च्या युरो उपांत्य सामन्यात इटलीनं सोव्हिएत संघाला नाण्यावरच हरवलं होतं, आणि ते कुणालाच रुचलं नव्हतं. अंधार पडत असेल तर त्याचीही सोय आधीच करा: अंतिम सामना साडेचारला न ठेवता तीनला ठेवा.

टर्फवर खेळत असाल तर

पाच-पाचच्या फुटसालला किमान संख्या तीन आहे, आणि तिथं टायब्रेकरला बदली खेळाडूही पात्र असतात. अकराच्या फुटबॉलची सवय असलेला पंच इथं चुकतो. सहा-सहा किंवा सात-सातच्या टर्फ स्पर्धा मात्र कोणत्याच पुस्तकात बसत नाहीत. सातच्या संघाला सातची अट लावली तर पहिल्याच दुखापतीला सामना बंद. अशा ठिकाणी किमान आकडा, बदली पात्र की नाही, आणि संख्या सारखी करायची की नाही, या तिन्ही गोष्टी प्रवेश शुल्काच्या पावतीमागे छापून द्या.